ऑलिम्पिक आइस हॉकीची पात्रता: क्रमवारीची आकडेमोड, गटांचं गणित आणि रिकाम्या राहिलेल्या जागा

२८ मे २०२३ रोजी फिनलंडमधल्या टाम्पेरे शहरात लाटवियाने अमेरिकेला जादा वेळेत ४-३ असं हरवलं आणि जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतलं आपलं पहिलंवहिलं पदक, कांस्य, मिळवलं. त्याच रात्री रीगामध्ये संसद भरली आणि खासदारांनी दुसऱ्या दिवशीची, सोमवारची, सुट्टी जाहीर करून टाकली. देश रस्त्यावर नाचत होता. पण याच स्पर्धेनंतर जी क्रमवारी २०२६ च्या मिलान-कोर्तिना ऑलिम्पिकसाठी धरली गेली, तिच्यात लाटविया पहिल्या आठात नव्हता. जगात तिसरा आलेला संघ सव्वा वर्षाने पुन्हा पात्रता फेरी खेळायला उतरला.

हे कसं झालं ते कळलं की आइस हॉकीच्या पात्रतेचं निम्मं गणित कळतं. पुढे पुरुषांच्या २०२६ च्या स्पर्धेचं उदाहरण धरून एकेक पायरी सांगितली आहे. महिलांच्या स्पर्धेत संघ दहा होते, जागांची वाटणी वेगळी होती, चौकट मात्र हीच.

पहिली पायरी: जागा मोजा, मग तारीख शोधा

बारा जागा. त्यांतल्या आठ थेट क्रमवारीवरून, एक यजमान म्हणून इटलीला आणि उरलेल्या तीन अंतिम पात्रता फेरीतून. आठ अधिक एक अधिक तीन.

जागांपेक्षा महत्त्वाची असते ती तारीख. स्पर्धा फेब्रुवारी २०२६ ची, क्रमवारी धरली मे २०२३ ची, म्हणजे पावणेतीन वर्षं आधीची. २०२४ आणि २०२५ मध्ये एखादा संघ कितीही चांगला खेळला, तरी त्या आठ जागांवर त्याचा काडीइतकाही परिणाम नव्हता. बातम्यांमध्ये ‘सध्याची क्रमवारी’ पाहून कोण पात्र ठरेल याचा अंदाज बांधणारे इथेच चुकतात. कुठल्याही ऑलिम्पिकसाठी आधी विचारायचं ते एवढंच: कोणत्या स्पर्धेनंतरची क्रमवारी धरणार?

दुसरी पायरी: क्रमवारी स्वतः मांडून पाहा

आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाची, म्हणजे आयआयएचएफची, क्रमवारी समजायला सोपी आहे. मैत्रीपूर्ण सामने, दौरे, युरोपातल्या हंगामी मालिका यांतलं काहीही तिच्यात धरत नाहीत. धरतात ते जागतिक अजिंक्यपद आणि ऑलिम्पिक, तेही शेवटचा क्रमांक म्हणून. किती गोलांनी जिंकलात, कोणाला हरवलंत, याला किंमत नाही.

विजेत्याला १२०० गुण. तिथून खाली एकेका क्रमांकाला साधारण २० गुण कमी होतात, पण चार ठिकाणी फरक ४० चा आहे: पहिल्या-दुसऱ्यात, दुसऱ्या-तिसऱ्यात, चौथ्या-पाचव्यात आणि आठव्या-नवव्यात. म्हणजे १२००, ११६०, ११२०, ११००, मग १०६०, १०४०, १०२०, १०००, आणि नवव्याला एकदम ९६०. दहाव्याला ९४०, अकराव्याला ९२० आणि पुढे असंच. चाळीसचे हे टप्पे म्हणजे उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम फेरी गाठल्याचं आणि सुवर्ण जिंकल्याचं बक्षीस. आठवा-नववा हा सांधा लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

मग वर्षांचं वजन. ताज्या वर्षाचे गुण पूर्ण, त्याआधीच्या वर्षाचे ७५ टक्के, त्याआधीच्याचे ५० आणि चौथ्या वर्षाचे २५ टक्के. ऑलिम्पिकच्या वर्षात दोन स्पर्धा होतात आणि दोन्ही धरल्या जातात, त्यामुळे ते वर्ष दुप्पट भारी पडतं.

आता लाटवियाचा हिशेब. २०२० ची जागतिक स्पर्धा कोविडमुळे झालीच नाही, म्हणून २५ टक्क्यांचं वर्ष बाजूला ठेवू आणि खेळल्या गेलेल्या चार स्पर्धा मांडू.

२०२३, तिसरा: ११२० चे पूर्ण ११२०
२०२२ जागतिक, दहावा: ९४० चे ७५ टक्के, ७०५
२०२२ ऑलिम्पिक, अकरावा: ९२० चे ७५ टक्के, ६९०
२०२१, अकरावा: ९२० चे ५० टक्के, ४६०
एकूण २९७५

शेजारी चेकिया ठेवा. २०२३ मध्ये आठवा, १०००. २०२२ च्या जागतिक स्पर्धेत तिसरा, ८४०. त्याच वर्षीच्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये नववा, ७२०. २०२१ मध्ये सातवा, ५१०. बेरीज ३०७०. लाटवियापेक्षा ९५ ने जास्त.

लाटवियाने २०२३ मध्ये कांस्याऐवजी सुवर्ण जिंकलं असतं आणि बाकी सगळं तसंच धरलं, तर ८० गुण वाढून बेरीज ३०५५ झाली असती. तरीही चेकियाच्या १५ मागे! जगज्जेता होऊनही थेट प्रवेश नाही, असा प्रकार. एका वर्षाच्या झेपेपेक्षा सलग आठव्या-सातव्या क्रमांकाला ही पद्धत जास्त मान देते. अन्याय वाटेल, पण यातून एक गोष्ट साधते: एखादा गोलरक्षक एका महिन्यात तापला म्हणून अख्ख्या ऑलिम्पिकचा नकाशा बदलत नाही.

खरी हळहळ मात्र स्लोव्हाकियाने करावी. बीजिंगमध्ये त्यांनी ऑलिम्पिक कांस्य घेतलं होतं, त्याचे ८४०. २०२२ च्या जागतिक स्पर्धेत आठवा, ७५०. २०२१ मध्येही आठवा, ५००. आणि २०२३ मध्ये नववा, ९६०. बेरीज ३०५०. चेकियापेक्षा फक्त वीस कमी. २०२३ मध्ये हे दोघे रीगातल्या एकाच गटात होते. गटातून चार संघ उपांत्यपूर्व फेरीत जाणार होते. चेकिया गेला आणि तिथे हरून आठवा ठरला, स्लोव्हाकिया गटात पाचवा राहून नववा. या दोघांची जागा अदलाबदल झाली असती तर स्लोव्हाकिया ३०९० आणि चेकिया ३०३०. आठव्या-नवव्यातला तो ४० चा सांधा इथे कामाला आला. उपांत्यपूर्व फेरीत पोचून दणकून हरणं आणि गटातूनच बाहेर पडणं, टीव्हीसमोर दोन्ही सारखंच दुखतं, कागदावर नाही.

पहिले आठ असे: कॅनडा, फिनलंड, अमेरिका, जर्मनी, स्वीडन, स्वित्झर्लंड, चेकिया आणि रशिया. रशियाचं नाव वाचून भुवया उंचावल्या असतील. त्याचं पुढे.

तिसरी पायरी: खालून वर येणाऱ्या फेऱ्या

नवव्या क्रमांकापासून खालच्यांसाठी शिडी आहे. जितका क्रम खालचा, तितक्या खालच्या पायरीवरून सुरुवात. सगळ्यात खालचे देश प्राथमिक फेऱ्यांत खेळतात, तिथले विजेते वरच्या फेरीत जातात, आणि प्रत्येक पायरीवर वरच्या क्रमाचे ताजे संघ येऊन मिळतात.

शेवटच्या दोन पायऱ्या पाहा. फेब्रुवारी २०२४ मध्ये तीन गट झाले, बुडापेस्ट, कार्डिफ आणि पोलंडमधल्या सोस्नोविएत्सला. चार-चार संघ, प्रत्येक गटाचा एकच विजेता पुढे. बुडापेस्टला यजमान हंगेरीला मागे टाकून जपान जिंकला, सोस्नोविएत्सला यजमान पोलंडऐवजी युक्रेन. कार्डिफला ग्रेट ब्रिटनने मात्र घरची जागा राखली. घरच्या बर्फाचा फायदा असतो. तो तीनपैकी एकाच ठिकाणी पुरला.

अंतिम फेरी २९ ऑगस्ट ते १ सप्टेंबर २०२४. ब्रातिस्लाव्हात स्लोव्हाकिया, ऑस्ट्रिया, कझाकस्तान आणि हंगेरी. रीगाला लाटविया, फ्रान्स, स्लोव्हेनिया, युक्रेन. डेन्मार्कच्या आल्बोर्गला डेन्मार्क, नॉर्वे, ग्रेट ब्रिटन, जपान. इथे तिन्ही यजमान जिंकले: स्लोव्हाकिया, लाटविया, डेन्मार्क.

ऑगस्टचा शेवट का निवडतात? उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या व्यावसायिक लीगची सराव शिबिरं सप्टेंबरमध्ये सुरू होतात. त्याआधी तिथले खेळाडू आपापल्या देशाला मिळू शकतात. फेब्रुवारीत ते क्लबांकडे अडकलेले असतात. म्हणून फेब्रुवारीचा आणि ऑगस्टचा संघ हे एकाच झेंड्याखालचे दोन वेगळे संघ असू शकतात, आणि फेब्रुवारीतली कामगिरी पाहून ऑगस्टचा अंदाज बांधणं धोक्याचं.

गट पाडताना नागमोडी पद्धत वापरतात. तीन गट असतील तर वरचे तीन संघ डावीकडून उजवीकडे, पुढचे तीन उजवीकडून डावीकडे, मग पुन्हा उलट. शाळेत कबड्डीचे संघ पाडताना पहिली निवड ज्याची, त्याला पुढच्या फेरीत शेवटची निवड, तसंच. यामुळे सगळ्यात वरच्या संघाच्या वाट्याला दुसऱ्या ओळीतला सगळ्यात हलका प्रतिस्पर्धी येतो. क्रमवारीत एक पायरी वर असण्याची किंमत अशी इथेही वसूल होते.

चौथी पायरी: गटाचा तक्ता वाचताना

चार संघ, प्रत्येकी तीन सामने, एकच विजेता. साठ मिनिटांत जिंकलात तर तीन गुण. साठ मिनिटं बरोबरीत संपली की दोघांना एकेक गुण खिशात, आणि जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये जिंकणाऱ्याला आणखी एक. म्हणजे वाटणी ३-०, नाहीतर २-१. जादा वेळ पाच मिनिटांचा, गोलरक्षक सोडून तिघे विरुद्ध तिघे, पहिला गोल झाला की खेळ खलास.

हरूनही मिळणारा तो एक गुण किती मोलाचा, याचं उत्तम उदाहरण जागतिक स्पर्धेच्या दुसऱ्या श्रेणीतलं आहे. २०१८, बुडापेस्ट. ग्रेट ब्रिटनला वरच्या श्रेणीत जायला हंगेरीविरुद्ध एक गुण पुरेसा होता. शेवटचं मिनिट, ब्रिटन १-२ ने मागे, गोलरक्षक बाहेर काढून सहावा खेळाडू आत. १५.८ सेकंद उरले असताना रॉबर्ट फार्मरने बरोबरी साधली. शूटआउट व्हायचा होता, पण तो गुण खिशात पडला होता.

क्रिकेटची सवय असलेल्यांची खरी गफलत होते ती समान गुण झाल्यावर. आपण लगेच नेट रन रेटच्या चालीवर एकूण गोलफरक मांडायला बसतो. आइस हॉकीत आधी पाहतात ते बरोबरीत असलेल्या संघांचे आपापसातले सामने. दोघेच असतील तर प्रश्नच नाही, ज्याने त्या सामन्यात हरवलं तो वर. तीन संघ अडकले तर चौथ्याला तक्त्यातून पुसून टाकायचं आणि उरलेल्या तिघांचा छोटा तक्ता करायचा: आधी त्यांच्यातले गुण, मग त्यांच्यातला गोलफरक, मग त्यांच्यातच केलेले गोल.

कागद-पेन घ्या. क ने ख ला ४-१ हरवलं, ख ने ग ला ३-२, ग ने क ला २-१. सगळे निकाल साठ मिनिटांत. तिघांनीही घ ला हरवलं: क ने २-१, ख ने ९-०, ग ने ३-१. तिघांचे सहा-सहा गुण. एकूण गोलफरक काढाल तर ख चा +७, क चा +३, ग चा +२, आणि तुम्ही ख ला पात्र ठरवाल. आता घ ला पुसा. क चे गोल ५-३, फरक +२. ग चे ४-४, फरक शून्य. ख चे ४-६, फरक -२. क पात्र, आणि नऊ गोल मारणारा ख तिसरा! त्या ९-० चा उपयोग फक्त प्रेक्षकांना झाला.

तीनपैकी एकाचा क्रम लागला आणि उरलेले दोघे अजूनही बरोबरीत असले, तर पुन्हा त्या दोघांचा आपापसातला निकाल पाहायचा. छोटा तक्ता पुढे ओढायचा नाही. इथेही भले भले चुकतात.

हाच नियम शेवटच्या पाच मिनिटांत प्रशिक्षकाच्या डोक्यात फिरत असतो. एका गोलाने मागे असताना गोलरक्षक बाहेर काढून जादा खेळाडू आणणं नेहमीचं, पण छोट्या तक्त्यात गोलफरक निर्णायक असेल तर रिकाम्या जाळीत बसलेला एक गोल संघाला दुसऱ्यावरून तिसऱ्यावर ढकलू शकतो. उलटही घडतं. संघाला दोन नाही, तीनच गुण हवे असतील, तर २-२ अशी बरोबरी असतानाही गोलरक्षक बाहेर येतो. नियम माहीत नसलेल्याला हा वेडेपणा वाटतो. जादा वेळेतल्या विजयाचे दोन गुण कमी पडणार असतील, तर बरोबरी राखणं म्हणजे हरणंच. मग जोखीम साठ मिनिटांच्या आतच घेतलेली बरी.

पाचवी पायरी: रिकाम्या जागांवर लक्ष ठेवा

रशिया आणि बेलारूस या दोघांचे संघ २०२२ पासून आयआयएचएफच्या स्पर्धांमधून बाहेर आहेत, पण क्रमवारीतल्या त्यांच्या जागा लगेच पुसल्या गेल्या नाहीत. म्हणून रशिया कागदावर पहिल्या आठात होता आणि बेलारूसची जागा अंतिम फेरीत होती. बेलारूस वगळल्यावर बुडापेस्टला जपानच्या मागे राहिलेल्या हंगेरीला ब्रातिस्लाव्हाचं तिकीट मिळालं. रशियाचा संघ मिलानला नसेल हे २०२५ मध्ये पक्कं झालं आणि ती जागा फ्रान्सला गेली, रीगाला लाटवियाने ज्याला मागे टाकलं होतं त्या फ्रान्सला. गटात दुसरं येणं म्हणजे बाहेर, असं नियम सांगतो. तरी दुसरा क्रमांक सोडून द्यायचा नसतो तो यासाठी. शेवटच्या दिवशी पहिलं येण्याची आशा संपली तरी दुसऱ्या जागेसाठी जीव तोडून खेळणारे संघ भाबडे नसतात.

यजमानाची जागाही दिसते तितकी सरळ नाही. २०२२ मध्ये चीनचा पुरुष संघ या पातळीवर टिकेल का, यावर आयआयएचएफमध्येच चर्चा झाली होती; शेवटी संघ खेळला, परदेशात वाढलेल्या बऱ्याच खेळाडूंना सोबत घेऊन, आणि बारावा आला.

असे खेळाडू आणणं हा खालच्या देशांना जवळचा रस्ता वाटतो. नागरिकत्व ही पहिली अट, पण पासपोर्ट हातात आला की काम झालं असं नाही. नव्या देशातल्या स्पर्धांत ठरावीक काळ सलग खेळलेलं असावं लागतं. खेळाडू आधी दुसऱ्या देशाच्या राष्ट्रीय संघाकडून उतरलेला असेल तर हा काळ चार वर्षांचा, आणि देश बदलण्याची मुभा आयुष्यात एकदाच. पात्रता फेरीच्या वर्षी धावपळ करून उपयोग नाही.

मग गुण कमवायचे कुठे?

दरवर्षीच्या जागतिक स्पर्धेत. वरच्या श्रेणीत १६ संघ, आठ-आठचे दोन गट, प्रत्येक गटातला शेवटचा खाली जातो. त्याखालच्या श्रेणी एक-अ मध्ये सहा संघ, त्यांतले वरचे दोन वर. मग एक-ब, दोन-अ, दोन-ब, तीन-अ, तीन-ब आणि तळाला श्रेणी चार. खालच्या श्रेणीतला संघ आपल्या गटात पहिला आला तरी त्याला सोळाव्याच्या खालचेच गुण मिळतात, त्यामुळे श्रेणी टिकवणं हेच काम. २०१९ मध्ये कोशित्से इथे ग्रेट ब्रिटन फ्रान्सविरुद्ध ०-३ ने मागे होता. हरलेला खाली जाणार होता. ब्रिटनने बरोबरी केली, जादा वेळेत बेन डेव्हिसच्या गोलने ४-३ जिंकला आणि वर राहिला.

भारत १९८९ पासून आयआयएचएफचा सदस्य आहे. आपले संघ आजवर खेळले ते मुख्यतः आशियाई स्पर्धांत. जून २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐनला भारतीय महिलांनी आशिया चषकात कांस्य मिळवलं; संघात लडाखच्या मुलींचा मोठा भरणा. पण आशिया चषकाचे गुण जागतिक क्रमवारीत धरत नाहीत. त्यासाठी जागतिक स्पर्धेच्या तळाच्या श्रेणीत दरवर्षी उतरावं लागेल, आणि त्याआधी वर्षभर चालणारा बंदिस्त रिंक हवा. लडाखमधला तलावांवरचा नैसर्गिक बर्फ हिवाळ्यातले मोजके आठवडेच टिकतो. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी डेहराडूनला बांधलेला रिंक बरीच वर्षं बंद राहून २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाला. शिडीची सर्वांत खालची पायरी सध्या तिथे आहे.